लाकडी घोड्यांचं गाव

शाळेच्या भूगोलात प्रेअरीज दोन मार्कांना होत्या. 'जोड्या लावा'मध्ये एका बाजूला पंपास, स्टेप्स, व्हेल्ड, डाउन्स आणि प्रेअरीज, दुसऱ्या बाजूला खंडांची नावं. रेघा ओढायच्या आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं. त्या दोन मार्कांत पुढे सतरा वर्षं संसार करावा लागेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी तो धडा जरा नीट वाचला असता!

नवऱ्याची विमानांच्या कारखान्यातली नोकरी, त्यामुळे आम्ही विचिटाला. कॅन्सस राज्य, अमेरिकेच्या नकाशावर बोट ठेवून बरोब्बर मध्य शोधायला गेलात तर साधारण इथेच टेकेल. न्यूजर्सीची आणि कॅलिफोर्नियाची मराठी माणसं आमच्याकडे जरा दयेनेच बघतात. आत्या तर दर फोनला विचारते, "तिकडे बघण्यासारखं काय असतं गं?" तिला फोनवर नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर. भाचा वाचून दाखवेलच.

तर आत्या, आमच्या घरापासून उत्तरेला हायवेने सव्वा तास गेलं की लिंड्सबॉर्ग नावाचं गाव लागतं. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या ३,७७६. म्हणजे आपल्या तालुक्यातलं मोठंसं खेडं म्हण. रस्ताभर दोन्ही बाजूंना गहू. हा गहू ऑक्टोबरात पेरतात, थंडीत तो बर्फाखाली हिरवा राहतो आणि जूनमध्ये कापणीला येतो. मधूनच कुठेतरी क्षितिजावर एक पांढरा उंच मनोरा दिसायला लागतो. आपल्याकडे गाव यायच्या आधी देवळाचा कळस दिसतो ना, तसं इथे धान्याचं एलेव्हेटर दिसतं. कोठारच ते, पण दहा मैलांवरून ओळखता येतं की तिथे गाव आहे.

लिंड्सबॉर्गच्या आसपास मात्र ही सपाटी जरा मोडते. स्मोकी हिल नावाची नदी इथे वळण घेते. गावाच्या वायव्येला तांबूस वालुकाश्माच्या टेकड्या आहेत, त्यातल्या एकीवर दगडी किल्ला आहे. किल्ला म्हणजे काय, खेळण्यातला म्हणावा असा, १९३६ साली मंदीच्या काळात बेकारांना काम द्यायच्या सरकारी योजनेतून बांधलेला. (म्हणजे आपल्या रोजगार हमीचाच चुलतभाऊ.) टेकडीचं नाव कोरोनाडो हाइट्स. १५४१ मध्ये कोरोनाडो नावाचा स्पॅनिश सरदार मेक्सिकोकडून सोन्याच्या शहरांच्या शोधात या भागापर्यंत आला. सोनं मिळालं नाही. मिळाली गवताची घरं आणि मका पिकवणारी माणसं. ज्या विचिटा लोकांचं नाव आमच्या शहराला मिळालंय, त्यांचे ते पूर्वज. तो याच टेकडीवर उभा राहून माघारी फिरला असं गावात सांगतात. तो नेमका इथेच उभा होता याला पुरावा नाही, पण १९१५ साली जवळच्या एका उत्खननात स्पॅनिश चिलखताच्या कड्या सापडल्या, आणि गावाला तेवढं पुरेसं होतं. आपल्याकडे नाही का, दर दोन गावांआड एक पांडवलेणं आणि एक सीतेची न्हाणी!

टेकडीवर उभं राहिलं की खाली सगळं खोरं दिसतं. मला तिथे दर वेळी एकच गोष्ट जाणवते, इथे लपायला जागा नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला पाठीशी डोंगर लागतो. इथे नुसतं आभाळ.

या आभाळाखाली १८६९ मध्ये स्वीडनहून माणसं आली. त्याची गोष्ट दुष्काळातून सुरू होते. १८६७ साली स्वीडनमध्ये थंडीपावसाने पिकं गेली, १८६८ साली कोरड्याने गेली. झाडाची साल पिठात मिसळून भाकऱ्या करायची पाळी आली. त्याच वर्षी शिकागोतल्या काही स्वीडिश लोकांनी एकत्र येऊन शेतीची कंपनी काढली आणि कॅन्ससमध्ये रेल्वेकडून सुमारे तेरा हजार एकर जमीन घेतली. कंपनीतल्या बऱ्याच जणांच्या आडनावात 'लिंड' होतं, म्हणून गाव लिंड्सबॉर्ग. दुसऱ्या वर्षी ओलोफ ओल्सन नावाचे धर्मगुरू व्हेर्मलांड प्रांतातून आपली मंडळी घेऊन आले.

जमीन रेल्वेकडे कुठून आली, हा प्रश्न गावाच्या पाटीवर नसतो. सरकारने ती रेल्वेला रूळ टाकण्याच्या बदल्यात दिली. आणि सरकारकडे ती आली, ती ज्यांच्या नावावरून राज्याला कॅन्सस म्हणतात त्या कॉ लोकांसारख्यांना आधी कोपऱ्यात आणि मग बाहेर सारून. उरलेल्या कॉ लोकांना १८७३ मध्ये ओक्लाहोमात नेऊन सोडलं. स्वीडिश माणसं भुकेली होती, मेहनती होती, हे सगळं खरं. पण 'मोकळी जमीन' हा शब्द वाचला की मला थांबायला होतं.

असो. आले, तेव्हा झाडं नव्हती. लाकूड नाही तर घर कशाचं बांधणार? प्रेअरीचं गवत वर दिसतं त्यापेक्षा जमिनीखाली जास्त असतं, मुळं कितीतरी फूट खोल जातात. त्या मुळांनी विणलेली माती नांगराने पट्ट्यापट्ट्यांनी कापायची आणि विटांसारखी रचायची. पावसात छत गळतं, उन्हाळ्यात भिंतीतून साप डोकावतो. काही जण तर सरळ उतारात खोदून बिळासारख्या घरात राहिले. १८७४ मध्ये टोळधाड आली, कॅन्ससभर पिकं फस्त झाली. त्याच वर्षी या लोकांनी दगडी चर्च उभं केलं. हे माणसाचं गणित मला कधी कळलेलं नाही, पण आपल्याकडेही दुष्काळात जीर्णोद्धार होतातच.

आता गंमत सांगते. १८८१ मध्ये कार्ल स्वेनसन नावाच्या तरुण धर्मगुरूने गावात शाळा काढली, तेच आजचं बेथनी कॉलेज. तो आणि त्याची बायको अल्मा, दोघांनी ठरवलं की गावाने हँडेलचं 'मसाया' गायचं. 'मसाया' म्हणजे दोन-अडीच तासांची, चार सुरांत बांधलेली मोठी संगीतरचना, लंडन-डब्लिनच्या सभागृहांसाठी केलेली. गाणार कोण? तर दिवसभर नांगर धरणारे शेतकरी आणि त्यांच्या बायका. रचनाकार जन्माने जर्मन, शब्द इंग्रजी, गाणाऱ्यांची घरची आणि चर्चची भाषा स्वीडिश, आणि जागा कॅन्ससचं माळरान! अल्माबाईंनी तालमी घेतल्या. २८ मार्च १८८२ रोजी पहिला प्रयोग झाला. तेव्हापासून दर वर्षी ईस्टरच्या सुमारास तो होत आला आहे.

टिळकांचा सार्वजनिक गणेशोत्सव १८९३चा. म्हणजे लिंड्सबॉर्गचं 'मसाया' त्याहून अकरा वर्षांनी जुनं. हे कळल्यापासून मी गावात जरा आदरानेच गाडी चालवते.

२०२३च्या ऑक्टोबरपासून सहा महिने आई आमच्याकडे होती. वय अठ्ठ्याहत्तर. विमानप्रवास झेपत नाही, ही शेवटची खेप असं तिने आल्याआल्याच जाहीर केलं. (हे ती २०१४ सालीही म्हणाली होती, पण या वेळी विमानतळावर व्हीलचेअरला नको म्हणाली नाही, तेव्हा मला जरा धस्स झालं.) मार्चमध्ये तिला 'मसाया' ऐकायला नेलं. कॉलेजचं मोठं सभागृह, मंचावर पायऱ्यापायऱ्यांनी शेकडो माणसं काळ्या-पांढऱ्या कपड्यांत. त्यात कॉलेजची पोरं, बँकेतल्या बाई, निवृत्त मास्तर, शेतकरी. काहींच्या घरात चौथी पिढी गातेय. आई इंग्रजीतलं एक अक्षर न कळता सरळ बसून ऐकत होती. 'हालेलुया' सुरू झाल्यावर सगळं सभागृह उठून उभं राहिलं, तशी तीही उठली, डोक्यावरून पदर घेतला. मध्यंतरात म्हणाली, "आपल्या सप्त्यासारखंच आहे की. दर वर्षी तेच म्हणायचं, पण वीणा खाली ठेवायचा नाही."

मला हे इतकं पटलं की मी पुढे काही समजावत बसले नाही.

गावाची मुख्य ओळख मात्र घोडा. लाकडी, तांबडा, अंगावर पांढऱ्या-हिरव्या-निळ्या रंगाची वेलबुट्टी. याला दाला घोडा म्हणतात. गावभर दारादारावर सपाट फळीचा घोडा टांगलेला आणि त्यावर घराचं आडनाव रंगवलेलं. चौकाचौकांत फायबरचे मोठे घोडे उभे, प्रत्येकाला वेगळं रूप आणि शब्दांच्या कोट्या केलेलं नाव. मुख्य रस्त्यावरच्या कार्यशाळेत काचेच्या पलीकडे घोडे कापताना, रंगवताना बघता येतात. आमची लेक पाच वर्षांची असताना तिथे काचेला नाक लावून तासभर उभी होती.

आता यातली मेख. दाला घोडा हा स्वीडनमधल्या दालार्ना प्रांताचा. लिंड्सबॉर्गचे मूळ लोक प्रामुख्याने व्हेर्मलांडचे. म्हणजे साताऱ्याच्या माणसांनी अमेरिकेत जाऊन सावंतवाडीची खेळणी दारावर टांगावीत, तसं. हा घोडा साऱ्या स्वीडनचं चिन्ह झाला तो बराच उशिरा, १९३९च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनानंतर. पणजोबांच्या पेटीतून तो आलेला नाही, बाजारातून आलाय.

आणखी ऐका. दर दोन वर्षांनी, विषम सालच्या ऑक्टोबरात, इथे 'स्वेन्स्क हिलनिंग्सफेस्ट' नावाचा मोठा उत्सव होतो. मूळ वसाहतकऱ्यांना मानवंदना. मिरवणूक, लोकनृत्य, जेवणावळी. हा १९४१ मध्ये सुरू केला विल्यम होल्वेर्डा नावाच्या डॉक्टरांनी, आणि ते स्वतः स्वीडिश वंशाचे नव्हते! आज तिथे पारंपरिक पोशाखात नाचणाऱ्या हायस्कूलच्या मुलांमध्येही सगळी स्वीडिश रक्ताची असतात असं नाही. गावात राहता ना, मग चला नाचायला, इतका साधा हिशेब.

पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. पर्यटकांसाठी केलेला देखावा, असं मी नवऱ्याला म्हणालेही. आता तसं वाटत नाही. उसनं असेल, उशिरा आणलेलं असेल, पण दर दोन वर्षांनी कोणीतरी ते कपडे शिवतं, पोरांना पावलं शिकवतं, तीनशे माणसांची बटाट्याची सॉसेजं करतं. आमच्या पंधरावीस मराठी घरांचा गणपती तरी काय आहे? मूर्ती पेणची, ढोल कॅन्सस सिटीहून मागवलेले, लेझीम यूट्यूबवरून शिकलेलं, आणि मोदक करण्यात सगळ्यात पटाईत आहे ती एका घरातली तमिळ सून. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ सालचं, लिंड्सबॉर्गनंतर बरोबर शंभर वर्षांनी. आपण या वाटेवर अगदीच नवखे.

खाण्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय माझ्या मावशा हे वाचायच्या नाहीत. ओस्तकाका नावाचा एक पदार्थ असतो. (लेक त्याला 'ओस्त काका' म्हणते आणि ओस्त काकू कुठेत म्हणून विचारते.) दूध विरजण्याच्या औषधाने फाडून, अंडी-साखर घालून भाजलेला. वर लिंगनबेरीचा आंबटगोड रस. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "खरवस." डिसेंबरात लुसियाचा सण, मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून येते आणि केशराचे पाव वाटते. इतक्या दूर, इतक्या थंडीत केशराचा वास आला की मला एकदम कोजागरी आठवते. आणि मार्चमध्ये वॉफल खायचा दिवस. याची गोष्ट फार गोड आहे. २५ मार्च हा मेरीमातेचा सण, स्वीडिशमध्ये 'व्होरफ्रूदागेन'. लोकांच्या बोलण्यात त्याचं 'व्हॉफेलदागेन' झालं, म्हणजे वॉफलचा दिवस. मग वॉफल करणं आलंच! आपल्या आरतीतली 'संकटी' घरोघर 'संकष्टी' होते, त्यातलाच प्रकार. फक्त त्यांच्याकडे चुकीतून पक्वान्न निघालं आणि आपल्याकडे उपास.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

ऑक्टोबरात हिलनिंग्सफेस्टला आई बरोबर होती. मिरवणूक बघून झाली, घोडे झाले, नाच झाले. एका दुकानात सगळीकडे स्वीडिश पाट्या होत्या. आईने मला हळूच विचारलं, "इथं ती भाषा बोलतं कोण?" मी गल्ल्यावरच्या आजीबाईंना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, त्यांची आजी देवाशी आणि कोंबड्यांशी स्वीडिश बोलायची. आईला सगळं समजायचं पण ती उत्तर इंग्रजीत द्यायची. त्यांना स्वतःला जेवणाआधीची प्रार्थना येते, दहापर्यंत आकडे येतात. नातवंडांना 'टाक', म्हणजे थँक्यू.

मी आईला मराठीत हे सांगितलं. ती काही बोलली नाही. लेक शेजारीच उभी होती, घोड्यांची किंमत बघत.

कारण आमच्या घरात ती मधली पायरी आलेली आहे. लेकीला मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. रविवारी तळघरात आम्ही मराठीचा वर्ग चालवत होतो, पाच मुलं होती. मग सॉकर आलं, मग पोहणं आलं, दोन वर्षांत बंद पडला. कोणी बंद करा म्हटलं नाही. लिंड्सबॉर्गमध्येही कोणा एकाने स्वीडिश बंद केली नसावी. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत इंग्रजीखेरीज काही बोलणाऱ्याकडे संशयाने बघायला लागले, पोरं शाळेत इंग्रजीत शिकली, इंग्रजीतच प्रेमात पडली. मग चर्चमध्येही इंग्रजी उपासना आली, कारण रिकाम्या बाकांपुढे स्वीडिश बोलण्यात अर्थ नव्हता. एकेक पाऊल बघितलं तर प्रत्येक शहाणपणाचंच.

आरती मात्र लेकीला खडाखडा पाठ आहे. रोमन लिपीत छापलेल्या कागदावरून पाठ केलेली, अर्थ न कळता. आमच्याकडे आलेले पाहुणे तिचं कौतुक करतात आणि मला लिंड्सबॉर्गच्या दारावरचे घोडे आठवतात.

त्या दिवशी परत येताना आईला गाडी लागायला लागली म्हणून मी हायवे सोडून आतल्या कच्च्या रस्त्याने घेतलं. एका शेतापाशी थांबलो. आई खाली उतरली आणि कुंपणाच्या तारेपाशी जाऊन उभी राहिली. समोर कमरेइतक्या उंचीची, दाट, तांबड्या-करड्या कणसांची ज्वारी. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्येच पिकते, पण ती जनावरांना आणि इथेनॉलला जाते, भाकरीला नाही. आईने एक कणीस हातात धरलं, दाणे चोळले, तोंडात टाकले.

"अगं, हा तर मिलो!"

आणि मागून लेक म्हणाली, "येस, मिलो."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कॅन्ससचे शेतकरी या ज्वारीला मिलोच म्हणतात, लेकीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आजोबांच्या शेतात तो असतो. आणि आईला तो शब्द माहीत होता बहात्तरच्या दुष्काळापासून. तेव्हा अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी रेशनवर मिळायची, तिला आपल्याकडे सगळे मिलो म्हणत. आई तेव्हा सत्तावीस वर्षांची, आटपाडीला, थोरला दादा कडेवर.

तिथे तारेपाशी उभी राहून आई नातीला सांगायला लागली. विहिरी कशा आटल्या. जनावरं कशी सोडून दिली. दुष्काळी कामावर बायकांनी खडी कशी फोडली, बाबांची मास्तरकी असूनही आईही दोन महिने गेली होती, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. कामावर सुकडी मिळायची. मिलोची भाकरी थापताना तुटायची, तांबडी व्हायची, घशाखाली उतरायची नाही. "पण तीच होती म्हणून तुझा मामा जगला," आई म्हणाली.

लेक ऐकत होती. तोंडावरून दिसत होतं की तीनातली एक गोष्ट कळतेय. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि मी भाषांतर करायला लागले. 'खडी फोडणं'चं इंग्रजी करायला गेले तर ते तुरुंगातल्या कैद्यांसारखं वाटायला लागलं. सुकडीला काय म्हणू? 'घशाखाली उतरत नाही' मी कसंबसं सांगितलं, पण आई ते म्हणताना मान जशी वळवते ते माझ्या इंग्रजीत नव्हतं. दोन मिनिटांत ती गोष्ट शाळेच्या प्रकल्पासारखी झाली. दुष्काळ, सरकारी मदत, आयात धान्य. सगळं बरोबर होतं, आणि आई त्यात कुठेच नव्हती.

लेकीने मला थांबवलं. म्हणाली, मॉम, लेट हर टॉक.

मग आई बोलत राहिली आणि लेक ऐकत राहिली, कळेल तेवढं. मी गाडीत जाऊन बसले. काचेतून दोघी दिसत होत्या, एक नऊवारी-स्वेटरमधली आणि एक फुटबॉलच्या हुडीतली, मध्ये मिलोचं कणीस. वारा इतका होता की मला काही ऐकू येत नव्हतं.

हे लिहिताना मला अजून ठरवता येत नाही की लिंड्सबॉर्गचं काय घ्यायचं. माझ्या मैत्रिणी म्हणतात, सण टिकले ना, मग झालं, भाषा काय, जातेच. लिंड्सबॉर्ग बघून मला उलट वाटतं. सण शेजाऱ्यालाही चालवता येतो, होल्वेर्डा डॉक्टर ते दाखवून गेले. 'मसाया' तर कोणीही गावं. त्या गल्ल्यावरच्या बाईंच्या आजीने कोंबड्यांना काय सांगितलं, ते मात्र आता गावात कोणालाच सांगता येणार नाही. आणि तरीही, तो उत्सव नसता तर मी आणि आई त्या दुकानात गेलोच नसतो, आणि त्या बाईंना त्यांची आजी त्या दिवशी आठवली नसती. दोन्ही खरं आहे. मी तळघरातला वर्ग परत सुरू केलाय. सध्या तीन मुलं आहेत, त्यातला एक फक्त चिवड्यासाठी येतो. :)

आई मार्चअखेर परत गेली. जाताना एक वीतभर उंचीचा तांबडा घोडा बॅगेत साडीत गुंडाळून नेला. बेंदराला तिचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. पाटावर मातीची बैलजोडी, आणि शेजारी लिंड्सबॉर्गचा घोडा, त्यालाही हळदीकुंकू, त्याच्यापुढेही पुरणपोळी.

लेकीने फोटो बघितला आणि मला न विचारता बटण दाबून आजीला आवाजी निरोप पाठवला, "आज्जी, घोडा पुरणपोळी खाते का?"

आईचं उत्तर चार मिनिटांचं आलं. बैलाला काय घालतात, घोड्याला काय, आईच्या माहेरी पाटलांच्या वाड्यावर घोडी होती तिचं नाव काय, ती एकदा ओढ्यात कशी अडली. लेकीने ते खोलीत बसून दोनदा ऐकलं. मग बाहेर येऊन मला विचारलं, "आई, चंदी म्हणजे काय?"